कुलविकी ‘नाही’ म्हणाला, पण कधी म्हणाला?

पत्र

ताई, आम्ही मूळचे सांगलीचे. गेली 19 वर्षं अमेरिकेत शार्लटला आहोत. मी बँकेत हिशेब तपासणीच्या खात्यात आहे. मुलगा 23 वर्षांचा, इथल्याच विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर झाला. तीन वर्षांपासून दर शनिवारी रात्री तासाभरावरच्या एका छोट्या ट्रॅकवर लेट मॉडेल प्रकारची शर्यतीची गाडी पळवतो. गाडी त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी जुनी घेऊन उभी केली आहे. आता एका मोठ्या रेसिंग टीमच्या वर्कशॉपमध्ये त्याला इंजिनिअरची नोकरी चालून आली आहे. पगार उत्तम. तो म्हणतो, नको. दुसऱ्याच्या गाडीचे नट आवळत बसलो तर माझी गाडी कधी पळणार? स्वतःची टीम करायची म्हणून घरावर 60 हजार डॉलरचं कर्ज काढून द्या, असा हट्ट आहे. समजवायला गेलं की भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, ‘बाबा, ॲलन कुलविकीने दहा लाख डॉलर नाकारले होते.’ हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, हे याला कसं सांगू? शनिवारी तो घरी येईपर्यंत त्याची आई झोपत नाही. मी स्वतः ट्रॅकवर एकदाही गेलेलो नाही. हा कुलविकी कोण? आणि माझा मुलगा बरोबर आहे का?
– एक बाबा, शार्लट

उत्तर

दादा,

तुमचं पत्र वाचलं आणि आधी आनंदच झाला. 23 वर्षांच्या मराठी मुलाच्या खोलीत ॲलन कुलविकीचा फोटो असावा, ही गोष्ट मला फार जवळची वाटली. मी 1990 ते 1993 या काळात मिलवॉकीला इंजिनिअरिंग शिकत होते. कुलविकी त्याच विद्यापीठातून 1977 मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडला होता. आमच्या वर्कशॉपमधल्या मुलांना तो स्वतःच्या आळीतला वाटायचा. 15 नोव्हेंबर 1992 ची ती शर्यत मी टीव्हीसमोर जमिनीवर बसून, शेजारच्या मुलांकडून नियम समजून घेत पाहिली. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी जरा सविस्तर देणार आहे. दुसऱ्याचं उत्तर त्यातच आहे.

कुलविकी विस्कॉन्सिनमधला, मिलवॉकीच्या दक्षिणेला लागून असलेल्या ग्रीनफील्डचा. घराणं पोलिश. त्याचे वडील रेसिंगच्या गाड्यांची इंजिनं बांधायचे, म्हणजे मुलगा ग्रीसच्या वासातच वाढला. स्टॉक कार तुम्ही जवळून पाहिली नसेल तर सांगते. दिसायला ती शोरूममधल्या गाडीसारखी असते, पण आत पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि एकच खुर्ची. लंबगोल ट्रॅकवर सगळ्या गाड्या घड्याळाच्या उलट्या दिशेने धावतात. या खेळाची मुळं दक्षिणेतल्या राज्यांत आहेत. नॅसकार, म्हणजे या शर्यती भरवणारी संस्था, तिच्या मुख्य मालिकेतले बहुतेक मोठे ड्रायव्हर त्या काळी तिकडचे होते, पुष्कळसे बापाचा किंवा काकांचा वारसा घेऊन आलेले. त्यांच्यात हा उत्तरेतला, पोलिश आडनावाचा, इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला आणि गॅरेजमध्ये ब्रीफकेस हातात घेऊन फिरणारा तरुण आला. लोक त्याच्याकडे कसे बघत असतील याची कल्पना तुम्हाला मी द्यायला नको. परक्या गावात नवं आडनाव घेऊन उभं राहणं काय असतं, ते तुम्ही 19 वर्षांपूर्वी अनुभवलं आहे.

आता तुमच्या मुलाने वगळलेल्या भागाकडे येते.

पदवी हातात आल्यावर कुलविकीने लगेच सगळं सोडून दिलं नाही. तो विस्कॉन्सिनमधल्या स्लिंगर, काउकाना अशा छोट्या ट्रॅकवर हौशी ड्रायव्हर म्हणून गाडी पळवत राहिला. पूर्ण वेळ रेसिंग सुरू केलं 1980 मध्ये. त्यानंतरही अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या शर्यतींमध्ये काही वर्षं घासली. शार्लटकडे मुक्काम हलवला तो 80 च्या दशकाच्या मध्यावर, म्हणजे पदवीनंतर सुमारे आठ वर्षांनी. निघताना त्याने स्वतःचं बहुतेक सामान विकलं. निघायला दोन दिवस राहिले असताना त्याच्या ट्रकला विजेच्या बिघाडाने आग लागली आणि ट्रक खाक झाला. ट्रेलर ओढायला त्याने कोणाचा तरी ट्रक मागून आणला आणि ठरल्याप्रमाणे निघाला. ही आगीची गोष्ट तुमच्या मुलाला नक्की ठाऊक असेल, कारण ती ऐकायला थरारक आहे. त्या आधीची आठ वर्षं मात्र कोणी पोस्टरवर छापत नाही.

1986 मध्ये ज्या मालकासाठी तो गाडी चालवत होता त्याने हंगामाच्या मध्येच हात काढून घेतले. कुलविकीने तीच टीम स्वतःच्या अंगावर घेतली. एक गाडी, दोन इंजिनं, आणि ड्रायव्हर, मालक, मुख्य मेकॅनिक, हिशेबनीस सगळं जवळजवळ एकटाच. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदिताचा मान त्यालाच मिळाला. पहिला विजय नोव्हेंबर 1988 मध्ये फीनिक्सला, मुख्य मालिकेची त्या ट्रॅकवरची पहिलीच शर्यत होती ती. जिंकल्यावर त्याने गाडी वळवली आणि उलट्या दिशेने फेरी मारली. ड्रायव्हर डावीकडे बसतो, आणि नेहमीच्या दिशेने गेलं तर त्याची खिडकी मैदानाच्या आतल्या बाजूला राहते. उलटं गेलं की ती प्रेक्षकांच्या बाजूला येते आणि लोकांना हात करता येतो. अमेरिकेत त्या काळी पोलिश माणसांवर सर्रास विनोद व्हायचे. या फेरीचं नाव पडलं ‘पोलिश व्हिक्टरी लॅप’, आणि ज्या शब्दाने लोक खिजवत होते तोच त्याने अभिमानाने मिरवला. मिलवॉकीतल्या पोलिश म्हाताऱ्यांना ती गोष्ट सांगताना मी पाहिलं आहे. ते खुर्चीवरून उठून हाताने दिशा दाखवायचे.

आणि आता ते दहा लाख डॉलर.

ज्युनिअर जॉन्सन हा त्या काळातला अत्यंत बलाढ्य टीममालक होता. त्याच्या गाड्यांनी तोवर मालिकेची सहा अजिंक्यपदं मिळवली होती. 1991 च्या हंगामासाठी त्याने कुलविकीला दहा लाख डॉलर देऊ केले आणि कुलविकीने नकार दिला. इथपर्यंत तुमचा मुलगा बरोबर आहे. पण हे कधी घडलं ते त्याला विचारा. तेव्हा कुलविकी 35 वर्षांचा होता, पदवीला 13 वर्षं झाली होती, मुख्य मालिकेतल्या दोन शर्यती त्याच्या नावावर होत्या, आणि सगळ्यात वेगवान पात्रता फेरी मारून पहिल्या जागेवरून सुरुवात करण्याबद्दल त्याची ख्याती झालेली होती. त्याची स्वतःची टीम चालू होती. त्याला देऊ केलेलं काम होतं गाडी चालवण्याचं, म्हणजे ती टीम बंद करून दुसऱ्याच्या गाडीत बसण्याचं. तो जे सोडायला नाही म्हणाला ते त्याच्या हातात होतं, दादा. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागला असता, तर तो जॉन्सनकडे गेला असता. तुमचीच म्हण त्याच्या बाजूने उभी राहते. मुलाला हे जरूर सांगा, त्याला आवडेल.

आणि त्या नकाराची किंमतही सांगा. ज्या स्पॉन्सरच्या भरवशावर तो होता, तो जॉन्सनकडे गेला. त्याचा जुना स्पॉन्सर आधीच संपला होता. 1991 च्या हंगामाच्या सुरुवातीच्या शर्यती त्याने बऱ्याचशा स्वतःच्या खिशातून काढल्या. मार्चमध्ये अटलांटाला एका रेस्टॉरंट कंपनीने, हूटर्सने, ज्या गाडीवर पैसे लावले होते ती शर्यतीला पात्रच ठरली नाही. कुलविकीची कोरी गाडी मात्र पहिल्या जागेवर उभी होती. कंपनीने त्या एका शर्यतीसाठी त्याला धरलं आणि मग तो करार पुढे चालू राहिला. नशीब म्हणा हवं तर. पण सर्वात वेगवान वेळ त्याने आधी नोंदवली होती, नशीब नंतर आलं.

1992. हंगामात 29 शर्यती. सहा शर्यती उरल्या असताना डोव्हरला त्याची गाडी आदळली आणि तो आघाडीवरच्या बिल एलियटच्या 278 गुणांनी मागे पडला. अजिंक्यपद बहुधा गेलं, असं तो स्वतःही बोलून गेला. त्यानंतर एलियटच्या गाडीची दुखणी सुरू झाली, आणि शेवटच्या शर्यतीला, अटलांटाला, चित्र असं होतं: डेव्ही ॲलिसन 3928 गुण, कुलविकी 3898, एलियट 3888. एलियट त्या वर्षी कोणासाठी गाडी चालवत होता माहीत आहे? ज्युनिअर जॉन्सनसाठी. ज्याचे दहा लाख कुलविकीने नाकारले होते त्याच्याच गाडीशी आता शेवटची गाठ होती.

कुलविकीच्या गाडीचं मॉडेल फोर्ड थंडरबर्ड. त्याने पुढच्या बंपरवरच्या नावातली पहिली दोन अक्षरं काढून टाकली आणि नाव उरलं ‘अंडरबर्ड’. इंग्रजीतल्या ‘अंडरडॉग’वरून, ज्याला कोणी जमेत धरत नाही त्याची गाडी, असा त्याचा अर्थ. हे करण्याआधी त्याने फोर्डची आणि नॅसकारची रीतसर परवानगी घेतली होती. मला त्याच्याबद्दलची ही गोष्ट सर्वात प्रिय आहे. माणूस बंडखोर होता, पण अर्ज करून बंड करणारा.

शर्यत 328 फेऱ्यांची. पहिल्याच पिट स्टॉपला, म्हणजे टायर-पेट्रोलसाठीच्या थांब्याला, त्याचा पहिला गिअर तुटला. त्यानंतर प्रत्येक वेळी टायर-पेट्रोल घेऊन निघताना वरच्या गिअरमध्ये गाडी उचलावी लागायची आणि क्रूची माणसं मागून ढकलायची. 250 फेऱ्या उलटल्यावर ॲलिसनसमोर दुसऱ्या एका गाडीचा तोल गेला, तो तिच्यावर जाऊन आपटला, आणि त्याचं अजिंक्यपद तिथेच संपलं. उरले कुलविकी आणि एलियट, आळीपाळीने पुढे.

तुम्ही हिशेबातले आहात म्हणून पुढचं मुद्दाम आकड्यांत लिहिते. तेव्हाच्या पद्धतीत पहिल्याला 175 गुण, दुसऱ्याला 170. एक जरी फेरी पुढे राहून काढली तर 5 जादा. आणि सगळ्यात जास्त फेऱ्या पुढे राहून काढणाऱ्याला आणखी 5. कुलविकीचा क्रू चीफ, म्हणजे गाडीवरच्या माणसांचा प्रमुख, पॉल अँड्र्यूज रेडिओवर होता. त्याच्या बाजूने फेऱ्यांची मोजदाद चालू होती. अजून किती फेऱ्या पुढे राहिलं म्हणजे ते शेवटचे 5 गुण एलियटला मिळूच शकणार नाहीत, हे त्यांनी काढलं, आणि तेवढं होईपर्यंत कुलविकीला पिटमध्ये बोलावलंच नाही. 310 व्या फेरीला तो आत आला. टायर बदलले नाहीत, पुरेल इतकंच पेट्रोल ओतलं आणि सोडला. तुटक्या गिअरने गाडी बंद पडली असती तर सगळंच संपलं असतं. नाही पडली. एलियट जिंकला, कुलविकी दुसरा. एलियटने 102 फेऱ्या पुढे राहून काढल्या होत्या. कुलविकीने 103.

मांडून बघा. एलियट 175 अधिक 5, म्हणजे 180. कुलविकी 170 अधिक 5 अधिक 5, म्हणजे 180. आधीचा 10 गुणांचा फरक तसाच राहिला. 4078 विरुद्ध 4068. ते जादा 5 गुण जर एलियटकडे गेले असते, तर दोघेही 4073 वर आले असते. मग बरोबरी जास्त विजयांवर सुटली असती, एलियटचे पाच आणि कुलविकीचे दोन. एवढ्या मोठ्या हंगामाचा निकाल कोणीतरी कागदावर नीट मोजल्यामुळे लागला.

तुमच्या मुलाला मी जे एकच सांगू पाहते ते इथे आहे. ‘सगळं मीच करणार’ हा कुलविकीचा स्वभाव होता. त्याची क्रू सांगते की त्याच्याकडे काम करणं सोपं नव्हतं. प्रत्येक बोल्ट त्याला स्वतः बघायचा असायचा, आणि त्याच्या कडकपणाला कंटाळून पुष्कळ माणसं सोडून गेली. पण त्याच्या आयुष्यातल्या सर्वात मोठ्या दिवशी त्याने दुसऱ्याच्या मोजदादीवर विश्वास ठेवला. आत ये म्हटल्यावर आत आला, पेट्रोल वाचव म्हटल्यावर वाचवलं. गाडीत बसलेल्या माणसाला स्वतःच्या फेऱ्या मोजता येत नाहीत. तुमचा मुलगा ड्रायव्हर आहे, मालक व्हायला निघाला आहे, आणि पत्रावरून तरी त्याच्यासाठी कोणी मोजतंय असं दिसत नाही.

आता तुमच्या पुढ्यातल्या गोष्टींबद्दल.

घरावर कर्ज काढू नका. इथे मी मधला मार्ग सुचवणार नाही. कुलविकीने विकलं ते स्वतःचं सामान होतं, वडिलांचं घर नव्हे. आमच्या घरात हा प्रसंग होऊन गेला आहे. माझ्या भावाच्या वर्कशॉपसाठी इचलकरंजीचं राहतं घर गहाण पडलं. वर्कशॉप चाललं, बुडालं नाही, तरीही सात वर्षं आमच्या वडिलांनी आणि भावाने जेवताना हप्ता सोडून दुसरं काही बोललेलं मला आठवत नाही. पैसे फिटले. ती सात वर्षांची संध्याकाळ कुठून परत आणायची? मुलाला ‘नाही’ म्हणताना हेही स्पष्ट सांगा की हा नकार कर्जाला आहे, गाडीला नाही.

नोकरी त्याने घ्यावी असं मला वाटतं. तुम्हाला वाटतं त्या कारणासाठी नाही. पगार उत्तम म्हणून नाही, तर आज या खेळातली विद्या त्या इमारतींच्या आत आहे म्हणून. कुलविकीने एक गाडी आणि दोन इंजिनं घेऊन मुख्य मालिकेत पाऊल टाकलं. ते दार आता तसं उघडं नाही. 2016 पासून चार्टर पद्धत आहे, म्हणजे प्रत्येक शर्यतीतली हमखास जागा हीच कोट्यवधी डॉलरची मालमत्ता झाली आहे. 2022 पासूनच्या नव्या गाडीचे बहुतेक सुटे भाग सगळ्यांनी ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यायचे असतात, त्यामुळे गॅरेजमध्ये रात्री बसून स्वतःच्या कल्पनेने भाग घडवून बाजी मारण्याची जागा फार आकसली आहे. आज फरक पडतो तो सेटअप, आकडेवारी, सिम्युलेशन यांत. हे सगळं 60 हजार डॉलरच्या कर्जातून त्याला मिळणार नाही. दोन वर्षं एखाद्या टीममध्ये सकाळी सात वाजता हजर राहिला तर मिळेल. दुसऱ्याच्या गाडीचे नट आवळताना आपल्या गाडीचे कुठे सैल आहेत ते कळतं. हे त्याला पटणार नाही, पण माझ्याकडून सांगा की एका इंजिनिअर बाईचं तीस वर्षांचं मत आहे.

एक अट मात्र घालायला लावा. करारावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा, शक्य तर वकिलाला दाखवा, आणि शनिवारी स्वतःची गाडी चालवायला टीमची हरकत नाही हे लेखी घ्या. कित्येक टीममध्ये कामावरची माणसं स्वतः छोट्या ट्रॅकवर गाड्या चालवतात, तेव्हा हे विचारण्यात गैर काही नाही. पण शर्यतींचा हंगाम लांब असतो आणि रविवारी कामावर प्रवास असू शकतो. वर्कशॉपमधलं काम आणि ट्रॅकवर जाणारं काम यातला फरक त्याने आधीच विचारून घ्यावा. कुलविकीच्या ब्रीफकेसमध्ये अशीच कागदपत्रं असायची.

आणखी एक नाव त्याला द्या, जर त्याला आधीच माहीत नसेल: टाय मजेस्की. कुलविकीच्या नावाने 2015 मध्ये छोट्या ट्रॅकवरच्या लेट मॉडेल ड्रायव्हरांना मदत करणारा उपक्रम सुरू झाला. त्याचा पहिला विजेता हा मजेस्की, तोही विस्कॉन्सिनचा. 2024 मध्ये तो नॅसकारच्या पिकअप ट्रकच्या मालिकेचा अजिंक्य ठरला. मध्ये नऊ वर्षं गेली. तुमच्या मुलाने त्या उपक्रमाला अर्ज करावा. त्यात नुसता वेग बघत नाहीत, स्वतःला लोकांसमोर मांडणं, समाजात काम करणं हेही बघतात. आणि स्पॉन्सर मिळवायचा असेल तर तेच शिकावं लागतं. अटलांटाला अजिंक्यपद जिंकल्यावर कुलविकी गाडीतून उतरण्याआधी कंगवा काढून केस विंचरत बसला होता, कॅमेरे थांबले होते. आम्ही हसलो होतो तेव्हा. आता वाटतं, ज्याच्या अंगावरच्या कपड्यावर दुसऱ्याचं नाव आहे त्याला हे भान असायलाच हवं.

वहिनींबद्दल. त्यांच्या झोपेची मला सगळ्यात जास्त काळजी वाटली, आणि त्यांना खोटा दिलासा मी देणार नाही. कुलविकी 1 एप्रिल 1993 ला गेला, अजिंक्यपदानंतर पाच महिनेही झाले नव्हते. वय 38. ट्रॅकवर नाही, ब्रिस्टलच्या शर्यतीला जाताना स्पॉन्सरचं छोटं विमान टेनेसीत ब्लाउंटव्हिलजवळ कोसळलं आणि चौघेही गेले. आमच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्या दिवशी कोणी यंत्र सुरू केलं नाही. ब्रिस्टलला त्याच्या टीमचा ट्रक पुढे काळं पुष्पचक्र लावून रिकाम्या ट्रॅकवर हळूहळू फेऱ्या मारत राहिला आणि निघून गेला. ती शर्यत रस्टी वॉलेसने जिंकली आणि त्याने उलटी फेरी मारली, कुलविकीसाठी. जुलैत डेव्ही ॲलिसनही हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला. अटलांटाच्या त्या दुपारी अजिंक्यपदासाठी झुंजलेल्या तिघांपैकी दोघे वर्षाच्या आत नव्हते.

ट्रॅकवरचे मृत्यूही खरे आहेत. 2001 मध्ये डेटोनाला शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट गेला, सात वेळचा अजिंक्य. त्यानंतर नॅसकारने मान आणि डोकं धरून ठेवणारं उपकरण सक्तीचं केलं, मोठ्या ट्रॅकच्या भिंतींना धक्का शोषणारी रचना आली, आणि मुख्य मालिकेत तेव्हापासून शर्यतीत कोणी दगावलेलं नाही. पण तुमच्या मुलाच्या शनिवारच्या ट्रॅकवर तशा भिंती असतीलच असं नाही. म्हणून पैसे द्यायचे असतील तर इथे द्या. मान धरणारं उपकरण, चांगली खुर्ची, अंगाला नीट बसणारं हेल्मेट, आगीपासून वाचवणारा पोशाख, आणि सीट बेल्ट. बेल्टवर तारीख असते. एसएफआय (शर्यतीच्या सुरक्षा साहित्याची प्रमाणं ठरवणारी संस्था) प्रमाणाच्या बेल्टची मुदत साधारण दोन वर्षांची, मग ते दिसायला कितीही धड असोत. जुन्या गाडीबरोबर आलेले बेल्ट अजून वापरात असतील अशी मला दाट शंका आहे. आज रात्रीच बघायला सांगा. टीमसाठी 60 हजार नाही, पण बेल्टसाठी हवे तितके, असं वहिनींनी स्वतः म्हणावं.

राहता राहिलं तुमचं ते वाक्य: मी आजवर एकदाही ट्रॅकवर गेलेलो नाही. तीन वर्षं, दर शनिवारी, तासाभराच्या अंतरावर. मी तुम्हाला रागे भरत नाही. आपल्याकडे बापाने काळजी करायची असते आणि ती घरी बसूनच करायची असते, असं आपण शिकलोय. पण तुमच्या शहरातल्या विद्यापीठात कुलविकीच्या सावत्र आईने दिलेल्या देणगीतून मोटरस्पोर्टची प्रयोगशाळा उभी आहे, त्याच्या नावाची. तुमचा मुलगा कदाचित तिथेच शिकला. शहराच्या मध्यभागी नॅसकारचं हॉल ऑफ फेम आहे, तिथे 2019 पासून कुलविकीला स्थान मिळालं आहे. एका रविवारी मुलाला म्हणा, चल, मला दाखव. तो बोलायला लागेल, आणि तुम्हाला कर्जाबद्दल एक शब्दही काढावा लागणार नाही.

मग पुढच्या शनिवारी ट्रॅकवर जा. कानात घालायला बोळे न्या, आवाज सहन होत नाही. चौथ्या वळणाच्या बाजूला वरच्या पायरीवर बसा, तिथून सगळा ट्रॅक दिसतो. बरोबर एक स्टॉपवॉच आणि एक साधी वही. त्याच्या प्रत्येक फेरीची वेळ लिहा. पुढे कोण होतं, मागे कोण होतं, पिवळा झेंडा (धोका आहे, वेग कमी करा असा इशारा) कधी आला तेही लिहा. लेट मॉडेलच्या शर्यतीत टायर झिजत जातात, तशा फेरीच्या वेळा वाढत जातात. सुरुवातीला जोर करणारा शेवटी मागे पडतो. गाडीत बसलेल्याला हे अंगाने जाणवतं, पण आकड्यात कळत नाही. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या आकड्यांतली चूक शोधत आला आहात. रात्री घरी येताना वही त्याच्या हातात द्या, मत देऊ नका.

कितव्या फेरीपासून त्याच्या वेळा वाढायला लागल्या, ते मला कळवा. आणि बेल्टवरची तारीखही.

तुमची,
ताई